दोघांच्या विहिरीचा दांड

पाणी देणं म्हणजे मोटार चालू करणं, असं मला लग्नानंतर वीस वर्षं वाटत होतं. ते काम नवऱ्याचं. मी खुरपायला जायची, कापूस वेचायला जायची, पाण्याच्या दिवशी मात्र भाकरी पोचवून परत यायची. तो गेला त्या वर्षी रब्बीत मी पहिल्यांदा खोरं खांद्यावर टाकून एकटी विहिरीवर गेले. तेव्हा कळलं की पाण्याबरोबर चालावं लागतं.

विहीर एका टोकाला आणि आमचं रान दुसऱ्या टोकाला. मधला दांड, म्हणजे पाणी न्यायची मातीची नाली, माझ्या पावलांनी सहाशे पावलं. मोटार सुरू केली की पाण्याच्या तोंडाबरोबर दांडाच्या कडेनं चालायचं. काळ्या रानाला हिवाळ्यात भेगा पडतात. पाणी भेगेत शिरलं की जागेवर थांबतं, आत गुळगुळ आवाज येतो, भेग भरली की परत पुढं सरकतं. आपणही थांबायचं. त्या सहाशे पावलांना कधी कधी पाऊण तास लागायचा. बोलायला कुणी नसायचं. मी पाण्याशीच बोलायची. “चल की बाई, किती पिशील,” असं काहीतरी. पहिल्या वर्षी स्वतःचा आवाज ऐकून दचकायची. मग सवय झाली.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून आडवाटेनं तासभर चालण्याच्या अंतरावर. कालवा आहे, पण त्याचं पाणी आमच्या शिवारापर्यंत पोचत नाही. जे काही आहे ते विहिरीचं. ती सासऱ्यांनी खोदली. मोटेच्या काळातलं दगडी थारोळं अजून काठावर आहे, मोटारीचं पाणी पाइपातून आधी त्यातच पडायचं. सासरे गेल्यावर दोघा भावांत रानाची वाटणी झाली. विहिरीला लागून असलेला भाग थोरल्या दिरांकडे आला, पलीकडचा आमच्याकडे. विहीर दोघांची राहिली. दोन दिवस त्यांची पाळी, दोन दिवस आमची.

वाटणीनंतर दोन वर्षांनी एका उन्हाळ्यात मोटार जळाली. तू कोरडी चालवलीस, नाही तूच चालवलीस, यावरून भावाभावांत शब्द गेले. दोघेही रागीट. त्या दिवसापासून बोलणं बंद झालं ते, नवरा गेल्यानंतरची चार वर्षं धरून, अकरा वर्षं बंदच राहिलं. मोटार नवीन आली, पाळ्या ठरल्या दिवशी चालू राहिल्या, त्यात कधी तासाचाही फरक पडला नाही. पण माणसं बोलेनात. माझी मोठी जाऊ आणि मी तेवढ्या बोलायचो. तेही बाजारात भेटलो किंवा मठात गेलो तर.

नवरा तीन दिवसांच्या तापानं गेला. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात, आणि बहुतेक घरांची जागा आपापल्या रानात असते. आमची जागा दोघांच्या बांधावर आहे. सासऱ्यांच्या शेजारी त्याला ठेवलं. दीर आले होते. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. ते मात्र खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती लोटत राहिले. जंगमस्वामींनी खांद्याला हात लावला तेव्हा उठले. माझ्याकडे न बघता निघून गेले. मला त्याचा राग आला होता. आता काय उरलंय भांडायला, असं वाटलं होतं.

मुलगी पुण्याला एका लॅबमध्ये कामाला. तिनं खूप सांगितलं की रान बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, कुणाला दे आणि माझ्याकडे ये. मी गेलेही होते महिनाभर. चौथ्या मजल्यावर दिवसभर कुकरच्या शिट्ट्या ऐकत बसायची. परत आले आणि ज्वारी पेरली.

तीन रब्बी मी दांडानं पाणी दिलं. लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. रात्री मी जात नव्हते. म्हणजे माझ्या हातात निम्म्याच पाळ्या उरायच्या, आणि त्यातही सकाळी मोटार लावली तरी लाईट जाईपर्यंत पाणी रानाच्या अर्ध्यावर यायचं. पलीकडचा कोपरा कायम कोरडा. तिथली ज्वारी गुडघ्याएवढी राहायची आणि तिच्या कणसात दाणा भरायचा नाही. एका गोष्टीचं मात्र मला समाधान होतं. इतरांच्या दांडाला उंदीर आणि खेकडे भोकं पाडतात, त्यातून पाणी भलतीकडे जातं, लोक दिवसभर चिखल थापत बसतात. आमच्या दांडाला तसं फारसं नसायचं. मी समजायची की नवऱ्यानं दांड पक्का बांधला होता. मुलीला फोनवर सांगायची, “तुझ्या बापाच्या हातचं काम हाय, अजून टिकून हाय.”

चौथ्या वर्षी पालमला शेतकऱ्यांचं एक शिबिर झालं. आमच्या बचत गटातल्या बायकांबरोबर मीही एसटीनं गेले. तिथं शिकवायला आलेली पोरगी माझ्या मुलीएवढीच असेल. बाकीचे ठिबकाच्या, शेततळ्याच्या गोष्टी सांगत होते. ती म्हणाली, “नवीन काही घ्यायच्या आधी जुन्यात किती पाणी हरवतं ते मोजा. मोजायला डबा लागतो, दुसरं काही लागत नाही.”

मला ते पटलं. घरी रंगाचा रिकामा डबा होता. पुढच्या पाळीला थारोळ्याजवळ पाइपाच्या तोंडाखाली तो धरला. चार म्हणेपर्यंत भरला. मग दांडाच्या शेवटी, जिथं पाणी माझ्या रानात उतरतं, तिथं खड्डा केला, डबा त्यात बसवला, पत्र्याचा तुकडा लावून सगळं पाणी डब्यात पडेल असं केलं. एक, दोन, तीन करत दहापर्यंत आले तेव्हा डबा भरला. चुकलं असेल म्हणून परत मोजलं. परत दहा. चार वर्षं मी ज्याच्यामागं चालत होते त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी वाटेतच जात होतं. दिवसभराच्या लाईटीतली दुपारपर्यंतची लाईट मी मातीला पाजत होते.

पाइप पुरायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं. अडचण एकच होती. दांडाची वाट दिरांच्या रानातून. पाइपासाठी चर खोदायचा तर त्यांना विचारायला हवं.

मी जावेकडे गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी डब्याचं सगळं सांगितलं, चार आणि दहा. दीर आत होते. त्यांचा खोकला ऐकू येत होता, म्हणजे त्यांनाही माझं ऐकू जात असणार.

“सांगते मी त्येन्ला,” जाऊ म्हणाली.

“ते आतच हायेत की अक्का.”

“हायेत. पण मी सांगते.”

आठ दिवस काही निरोप आला नाही. पंधरा दिवस झाले. मी मनात म्हटलं, नको म्हणायचं असेल, नाही म्हणवत नसेल. मग एके दिवशी त्यांच्या पाळीच्या वेळी मी सरपण आणायला रानात गेले, तर माझा रंगाचा डबा खड्ड्यात नव्हता. लांब बघितलं. दीर त्यांच्या रानातल्या शेवटच्या साऱ्याच्या, म्हणजे लांब वाफ्याच्या, तोंडाशी वाकलेले, पुढ्यात माझा डबा. बोटं मोडून मोजायलेत. मी तुरीआड उभी राहिले. त्यांनी पाणी ओतून दिलं, परत डबा लावला, परत मोजलं. तीन वेळा. मग डबा घेऊन आले आणि माझ्या खड्ड्यात होता तसा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी जाऊ घरी आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, “पाइप टाका म्हनलेत. पन त्येंच्या रानाला बी दोन व्हॉल्व ठिवा म्हनलेत. खर्च निम्मा त्येंचा.”

फिटर पूर्ण्याहून आला. हातात दोरी, कानावर पेन्सिल. खोदणारं यंत्र दुपारी येणार होतं, त्याआधी लाईन आखायची होती. मी दांडाच्या शेवटाशी उभी होते, दीर बांधावर, आमच्यात शंभर पावलांचं अंतर. फिटरनं दोरी ओढली आणि थारोळ्यापासून माझ्या रानाच्या कोपऱ्यापर्यंत बोट दाखवलं.

“वैनी, सरळ घेऊ. एक बी वळण न्हाई. प्रेशर लय भारी ऱ्हाईल.”

दोरी कुठून जाते ते मी बघितलं. ती सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या मधून जात होती.

“तिथून न्हाई,” मी म्हणाले.

त्याच क्षणी बांधावरून आवाज आला, “तिथून न्हाई!”

आम्ही दोघं एकदमच बोललो होतो. फिटर एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायला लागला. “अहो, कामून? खाली तीन फूट जायलाय पाइप. वर तर काही दिसणार न्हाई.”

दीर बांधावरून खाली आले. गुडघा धरून, एक पाय जपून टाकत. इतक्या जवळून मी त्यांना मातीच्या दिवसानंतर बघितलं नव्हतं. दाढी सगळी पांढरी झालेली. फिटरला म्हणाले, “तिथं आमची मानसं हायेत. वळसा घे.”

“वळण घेतलं की पाण्याचा जोर कमी होतो, काका.”

“होऊ दे.”

मग त्यांनी फिटरच्या हातातली फक्की घेतली आणि स्वतः चुन्याची रेघ ओढत निघाले. मातीच्या जागेपासून चांगली दहा पावलं बाजूनं, हळूहळू वळवत नेली, कुठंही काटकोन येऊ दिला नाही. दांडानं आयुष्यभर पाणी नेलेल्या माणसाला वळण कसं द्यायचं हे माहीत होतं. मोजायची फीत त्यांच्या हाती होती. फिटर दोरी गुंडाळत विहिरीकडे गेला होता, दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ते थांबले. वळून बघितलं.

“बाई, तेवढं टोक धरा.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. मी पदर सारखा केला आणि फितीचं टोक धरलं. मग संध्याकाळपर्यंत आम्ही फीत धरून फिरलो. बोलणं कामाचंच. “वर घ्या.” “किती आलं?” “थोडं तिकडं सरका.” नवऱ्याचा विषय निघाला नाही, मोटारीचा निघाला नाही. तरी मी घरी आले तेव्हा घसा दुखत होता, इतकं त्या दिवशी बोलले होते.

तीन दिवसांत चर झाला, पाइप जोडले, माती लोटली. चौथ्या दिवशी माझी पाळी होती. मोटार लावली आणि रानाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिले. थोडा वेळ नुसती हवा आली, फुसफुस करून. मग मातकट पाणी, मग स्वच्छ. डबा लावला. पाच म्हणेपर्यंत भरला. वळण घेऊनही पाच.

तो कोरडा कोपरा त्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी भिजला. मी वहाणा काढून त्या ओल्यात उभी राहिले. कुणाला तरी सांगावं म्हणून मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “मस्तच गं आई. मी संध्याकाळी करू का फोन? इथं सँपल आलेत.” विहिरीकडे बघितलं. दीर दिसतील असं वाटलं होतं. नव्हते.

त्या वर्षी ज्वारी सगळीकडे सारखी उभी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हरभराही झाला. जी पाळी मला दिवसभर पुरत नव्हती ती दुपारीच संपायची. आधी सकाळी जाऊन दिवस मावळताना यायची, आता मोटार लावायची, व्हॉल्व उघडायचा, मधे दोन वेळा साऱ्याचं तोंड बदलायचं. जेवायला घरी. सगळं सोपं झालं, आणि ते मलाच हवं होतं, हे मी खोटं सांगणार नाही.

पण दांड वाळला. त्याच्या कडेला हरळी असायची, अळू वाढायचं, पाणी सोडलं की साळुंक्या यायच्या आणि माझ्या पुढं पुढं टुणटुणत चालायच्या. एक शेवगा होता, तो उन्हाळ्यात गळाला आणि परत फुटलाच नाही. चालायला काही उरलं नाही म्हणून मी चालेना. आणि मला उशिरा लक्षात आलं की आधी पाळीच्या दिवशी कधी ना कधी दीर लांबून दिसायचे. बांधावर, तुरीपलीकडे, काहीतरी करताना. बोलायचो नाही तरी रानात आणखी एक माणूस आहे हे माहीत असायचं. आता सकाळपासून दुपारपर्यंत शिवारात फक्त मोटारीची घरघर.

संक्रांतीला वाण द्यायला मी जावेकडे गेले. दीर ओसरीवर बसलेले. “शरणार्थ,” मी म्हणाले. “शरणार्थ, या,” ते म्हणाले आणि उठून आत गेले. वाटलं, परत आधीसारखं झालं.

जाऊ चहा ठेवत म्हणाली, “त्येंचं मनावर घेऊ नका. पाइप झाल्यापासून असंच बसून असतेत. आधी तुमच्या पाळीच्या दिवशी कसं, पहाटंच उठून जायचे.”

“माझ्या पाळीच्या? कुठं?”

साखर टाकता टाकता तिनं वळून बघितलं. “दांडावर. तुमी यायच्या आत भोकं लिंपायचे न्हाई का. खेकड्याची, उंदराची. धसकटं कोंबून वर चिखल थापायचे. मी म्हनायची, गुडघा दुखायलाय, कशाला जाता. तर म्हनायचे, ती एकलीच हाय.” तिनं चहा गाळला. “मला वाटलं तुमाला ठावं हाय.”

मला काही ठावं नव्हतं. चार वर्षं मी नवऱ्याच्या हातच्या कामाचं कौतुक करत होते. चहाचा कप हातात धरून मी बसले. आत, भिंतीपलीकडे, त्यांचा खोकला ऐकू येत होता. उठून आत जावं, काहीतरी म्हणावं असं फार वाटलं. पण थोरल्या दिराच्या खोलीत मी कधी गेले नव्हते. वाण देऊन घरी आले.

त्यानंतर मी निमित्तं शोधायला लागले. व्हॉल्व घट्ट बसलाय, बघता का, असा निरोप पाठवला. ते आले, पान्यानं सैल केला, “तेल सोडत जा” म्हणून गेले. दुसऱ्यांदा विचारलं तर त्यांनी फिटरचा नंबर पाठवला. त्यांचा गुडघा आता बांधापर्यंतही येऊ देत नव्हता, हे मला नंतर कळलं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांचा मुलगा नांदेडहून आला. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं आणि मग दोघांना तिकडंच ठेवायचं असं ठरलं. जाऊ सांगायला आली आणि म्हणाली, “रान बटईनं द्यायचं न्हाई म्हनलेत. तुमीच करा म्हनलेत. पाणी तुमाला चांगलं जमतंय म्हनलेत.”

ते निघाले त्या दिवशी मी चुडाव्याच्या स्टेशनवर गेले. मुलगा तिकिटाला गेला होता, जाऊ सामानापाशी. दीर बाकावर बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. गाडीला वेळ होता. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. बसायची हिंमत झाली नाही.

“दादा, माझ्या पाळीला दांड तुमी लिंपायचे. मला म्हनला न्हाईत कधी.”

ते रुळाकडे बघतच म्हणाले, “त्यात काय म्हनायचं. पाणी फुकट जायलेलं बघवत न्हाई.”

“मी समजायची, ह्येंच्या हातचा दांड हाय म्हणून टिकलाय.”

“त्याच्याच हातचा हाय. मी नुसती भोकं बुजवली.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “मोटार त्यानं जाळली नव्हती, बाई. मीच दुपारी लावून झोपलो होतो. त्याला सांगावं सांगावं म्हनलं आणि त्यो गेला.”

लांबून गाडीचा आवाज आला, मुलगा धावत आला, पिशव्या उचलायची गडबड झाली. मी जावेच्या पाया पडले, त्यांच्याही पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. डब्याची पायरी उंच होती. मुलानं आणि एका अनोळखी माणसानं त्यांना धरून वर घेतलं. खिडकी दुसऱ्या बाजूची मिळाली असावी, कारण गाडी हलली तेव्हा ते मला दिसले नाहीत.

घरी न जाता मी सरळ रानात गेले. पाळी त्यांची होती. मोटार लावली आणि त्यांच्या हरभऱ्याचा व्हॉल्व उघडला. ते रान मी इतकी वर्षं फक्त बाजूनं बघितलं होतं; कुठला सारा उंच, कुठला खोल, मला काही माहीत नव्हतं. पाणी दोन ठिकाणी बांध फोडून गेलं. खोऱ्यानं माती ओढून ते बुजवलं. माझ्या आणि त्यांच्या, दोन्ही रानांत त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. तीन वाजता लाईट गेली. हरभऱ्याचे चार सारे राहिले होते, ते दुसऱ्या दिवशी दिले.